लेकराला मधोमध उभे करताना
(संत जॉन बॉस्को यांच्या सणानिमित्त रविवारचे प्रवचन)



३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. त्या दिवशीच्या मिस्सासाठी मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा आरंभ नेमलेला आहे. स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, असे शिष्य प्रभू येशूला विचारतात. प्रभू लगेच उत्तर देत नाही. तो एका बालकाला बोलावतो, त्याला सर्वांच्या मधोमध उभे करतो आणि मग बोलू लागतो.

हा प्रसंग आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्यातले मूल आपल्याला दिसेनासे झाले आहे. आपल्या डोळ्यांसमोर येते ते प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या दिवशीचे मूल, पांढऱ्या कपड्यातले, हातात मेणबत्ती धरलेले, मागे फोटोसाठी उभे असलेले आईबाप. शुभवर्तमानात मात्र त्या मुलाचे नाव नाही, गाव नाही, आईबाप कोण तेही सांगितलेले नाही. त्या काळात मुलाला कोणी विचारत नसे. मोठी माणसे बोलत असताना त्याची जागा कडेला असे. प्रभूने कडेचे मूल मध्ये आणले, आणि मोठे कोण यावर वाद घालणारे बारा प्रौढ पुरुष आपोआप कडेला गेले.

त्याच अध्यायात पुढे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो पापी माणसाविषयी सांगितला आहे. मत्तयमध्ये मात्र तो या लहानग्यांविषयी बोलताना आला आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे डोंगरावर ठेवून निघतो, ते लहानग्यांपैकी एकाचाही नाश होऊ नये अशी पित्याची इच्छा आहे म्हणून. आणि या दोहोंच्या मध्ये जात्याच्या तळीचा तो कठोर इशारा आहे. लहानग्यांना अडखळवणाऱ्याविषयी प्रभू जितक्या कडकपणे बोलला, तितका तो फार थोड्या वेळा बोलला आहे.

आज हे सारे सांगायला कारण आहे. आपल्या पॅरिश कौन्सिलपुढे एक प्रस्ताव आला आहे. आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी सात ते नऊ चर्चचा हॉल मुलांसाठी उघडा ठेवावा, असे आपल्या युवा मंडळाने आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने सुचवले आहे. अभ्यास, थोडा खेळ, थोडी चौकशी, एवढेच. मुले आपल्या गावांतली, तशीच रेल्वे लाइनीपलीकडच्या चाळींतलीही. या सूचनेवर मिस्सानंतर पायऱ्यांवर, वाडीत आणि लग्नाच्या मांडवात जे बोलले गेले, ते माझ्या कानांवर आले आहे. कोणाचेही नाव न घेता त्याच बोलण्याविषयी मी आज बोलणार आहे. त्याआधी ज्या संताचा सण आहे, त्याच्याकडे वळू या.

जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ साली इटलीतील बेक्की या वाडीवजा वस्तीत शेतकरी कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे वडील वारले. आई मार्गारेटने शेती करून मुले वाढवली. १८४१ च्या जूनमध्ये त्यांना तुरीन शहरात गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी तुरीन झपाट्याने वाढत होते. इमारती उठत होत्या, आणि डोंगराळ खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले गवंडी, प्लास्टर करणारे, धुराडी साफ करणारे म्हणून शहरात येत होती. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादमाने उचलले तर काम, नाही तर उपास. (वसई रोड स्थानकाबाहेर सकाळी आठ वाजता उभे राहिलेल्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.)

या तरुण धर्मगुरूला त्यांचे मार्गदर्शक फादर कफासो तुरुंगात घेऊन गेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले उवांनी भरलेली आणि रिकामी बसलेली पाहून ते हादरले. त्याहून एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. सुटून गेलेली मुले काही दिवसांनी परत आत दिसत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते. बाहेर एखादा मित्र असता, रविवारी जायला एखादी जागा असती, तर ही मुले परत आली असती का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि पुढची शेहेचाळीस वर्षे त्याचे उत्तर जगून दाखवले.

सुरुवात अगदी छोट्या प्रसंगातून झाली. ८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तुरीनमधल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये ते मिस्सासाठी वस्त्रे घालत होते. एक मुलगा सॅक्रिस्टीत डोकावला. साक्रिस्तानने त्याला मिस्साला मदत करायला सांगितले. त्याला ते येत नव्हते, म्हणून साक्रिस्तानने त्याला झोडपून बाहेर काढले. फादर बॉस्को रागावले आणि मुलाला परत बोलावून आणायला लावले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गरेल्ली. वय सोळा, काम गवंड्याचे, आईबाप दोघेही वारलेले. वाचता येत नाही, लिहिता येत नाही, अजून ख्रिस्तशरीरही घेतलेले नाही, आणि धर्मशिक्षणाला जायची लाज वाटते कारण त्याच्याहून लहान मुलांना जास्त येते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर नकाराचे. गाता येते का? नाही. मग फादरांनी विचारले, शिटी वाजवता येते का? आणि मुलगा हसला.

बंधू-भगिनींनो, त्या प्रश्नात एक फार मोठी गोष्ट आहे. आपण मुलाला काय येत नाही ते विचारत राहतो. गणित येत नाही, इंग्रजी येत नाही, प्रार्थना पाठ नाही, केस नीट नाहीत. फादर बॉस्को एकामागून एक प्रश्न विचारत गेले, ते मुलाला काय येते ते सापडेपर्यंत. नंतर त्या दोघांनी क्रुसाची खूण करून एक नमो मरिया म्हटली आणि पहिला धडा झाला. पुढच्या रविवारी तो मुलगा आपल्यासारख्याच काही जणांना घेऊन आला.

आता तुमचे म्हणणे.

पहिले म्हणणे आवाजाचे. हॉलजवळ घरे आहेत, म्हातारी माणसे आहेत, संध्याकाळची रोझरी असते. म्हणणे खरे आहे. फादर बॉस्को यांच्या बाबतीतही ते खरे होते. मुले वाढली तसे त्यांना एका जागेहून दुसऱ्या जागी हाकलले गेले. एका दफनभूमीच्या कपेलात गेले, तिथून काढले. पिठाच्या गिरण्यांजवळ गेले, गिरणीवाल्यांनी तक्रार केली. एका घराच्या खोल्या भाड्याने घेतल्या, बाकीच्या भाडेकरूंना गोंगाट सहन होईना. शेवटी मोकळ्या शेतात जमू लागले, तिथे मुलांच्या पायांनी गवताची मुळेही राहत नाहीत म्हणून शेतमालकाने नोटीस दिली. शहराच्या कारभाऱ्याला या टोळीत राजकारण दिसले. काही धर्मगुरूंना वाटले, मुले आपापल्या धर्मग्रामात जात नाहीत ती यांच्यामुळे. काहींना तर फादरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असेच वाटले आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला घोडागाडी आणली. फादर बॉस्कोंनी मोठ्या अदबीने आधी त्या दोघा सन्माननीय पाहुण्यांना गाडीत बसवले, दार लावले आणि गाडीवानाला निघायला सांगितले! अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागातली एक बुटकी पडवी मिळाली. छत इतके खाली होते की जमीन खणून उंची करावी लागली. जगभर पसरलेल्या सालेशियन संस्थांचे मूळ त्या पडवीत आहे. आपला हॉल तिच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि वर्षातले बरेच दिवस त्यात खुर्च्यांच्या चळतींखेरीज कोणी नसते.

दुसरे म्हणणे चोरीचे. पंखे जातील, नळ जातील, माइक जाईल. हेही मी हसण्यावारी नेणार नाही. वाल्दोक्कोत पहिल्या काही मुलांना रात्री झोपायला गवताचा माळा दिला, पांघरुणे दिली. सकाळी मुलेही नव्हती आणि पांघरुणेही. एकदा तर गवतसुद्धा विकून टाकले. हे संताच्या शत्रूने लिहिलेले नाही, त्यांच्या स्वतःच्या आठवणींत आहे. मग १८४७ च्या मे महिन्यात, पावसाच्या रात्री, पंधराएक वर्षांचा एक मुलगा भिजून दारात आला. दूरच्या खोऱ्यातून कामाच्या शोधात आला होता, गाठीचे पैसे संपले होते. मार्गारेटमाईने त्याला चुलीशी बसवले, सूप-पाव दिला. हा भांडी घेऊन पळाला तर, असा प्रश्न तिच्या मनात आलाच. तिने काय केले? विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात बिछाना केला, त्याला काम, विश्वास आणि प्रार्थना यांविषयी दोन गोड शब्द सांगितले, आणि रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावले. तिने विश्वासही ठेवला आणि कुलूपही लावले. आपल्या बायकांना हा व्यवहार लगेच समजेल. मुलांसाठी काम करायचे म्हणजे भाबडे व्हायचे, असे कोणी सांगितलेले नाही. माइक कपाटात जाईल, कपाटाला कुलूप लागेल, हॉलचे दार उघडे राहील. कालांतराने ज्या मुलाच्या हाती किल्ली द्यावीशी वाटेल तो मुलगाही सापडेल.

या मार्गारेटमाईविषयी आणखी सांगायला हवे, कारण आपल्यातल्या कित्येक जणी तिच्याच जातीच्या आहेत. १८४६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नातवंडांत रमायचे सोडून ती मुलाबरोबर तुरीनला चालत आली. लग्नातले कपडे आणि दागिना मोडून तिने वेदीची वस्त्रे केली आणि मुलांच्या पोटाला घातले. घरामागे तिने भाजीचा मळा केला होता. मुलांनी लढाईचा खेळ खेळताना सगळा तुडवला. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेले कपडे धुळीत. ती वैतागली. मला आपल्या गावी जाऊ दे, म्हणाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केले. ती राहिली, आणि १८५६ साली तिथेच वारली. ज्या बाईने रहाट चालवून वाडी शिंपली आहे, अळूचे आणि वांग्याचे वाफे स्वतः बांधले आहेत, तिला तुडवलेल्या मळ्याचे दुःख काय असते ते मी सांगायला नको.

तिसरे म्हणणे मला सर्वांत जड वाटते. ती मुले आपली नाहीत. बाहेरून आलेली, आपल्या भाषेची नाहीत, बरीचशी आपल्या धर्माचीही नाहीत. बाहेरच्यांमुळे आपल्या जमिनी गेल्या, विहिरींचे पाणी गेले, आता हॉलही त्यांना द्यायचा का? या बोलण्यामागची जखम खरी आहे. वसईच्या माणसाने गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ गमावले आहे आणि त्याच्या लढ्यात चर्चही उतरले होते. पण जमीन विकली कोणी, घेतली कोणी आणि इमारती बांधल्या कोणी, याचा हिशेब ज्याच्याकडे मागायचा त्याच्याकडे मागू या. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरीकडे तो मागता येणार नाही. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. त्या चार घरांतली काही आपली आहेत.

आणि आपली म्हणजे कोण, हेही एकदा पाहू या. संध्याकाळी आठनंतर मोरीवर बसणारी मुले कोणाची? नववीत नापास होऊन घरी बसलेली, बापाच्या दारूला कंटाळून मित्राच्या खोलीवर झोपणारी, मोबाइलवर पैसे लावून आईच्या मंगळसूत्रापर्यंत गेलेली, बाइकच्या हप्त्यासाठी कोणाचेही काम करायला तयार असलेली? या वेदीसमोर त्यांचा स्नानसंस्कार झाला आहे. त्यांच्यापैकी काहींच्या अंत्यविधीच्या मिस्साला आपण सगळे रडलो आहोत. धोक्यातले मूल म्हटले की आपल्याला दादरच्या फलाटावरचे मूल आठवते. ते असतेच, पण फलाटावर पोचण्याआधी ते कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी धर्मग्रामात, कोणाच्या तरी शेजारी राहत होते.

फलाटावरच्या मुलांविषयी थोडे सांगतो, कारण त्यातून आपल्याला शिकायचे आहे. मुंबईत १९६२ पासून येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलेले स्नेहसदन अशा मुलांना घरे देत आले आहे. वडाळ्यात १९८७ पासून शेल्टर डॉन बॉस्को काम करीत आहे. अशा ठिकाणी काम करणारे सांगतात की पळून आलेल्या मुलाचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलेले पोर गर्दीत वेगळे दिसते, आणि ते समाजसेवकाला दिसते तसे दलालालाही दिसते. आधी कोण पोचतो यावर पुष्कळ ठरते. मुले घरातून निघतात ती मुख्यतः मारामुळे, दारूमुळे, सावत्रपणामुळे, कधी नुसत्या नापास झाल्याच्या भीतीने. फलाटावर ती बाटल्या गोळा करतात, डबे झाडतात, हमाली करतात. मिळालेले पैसे रात्रीपर्यंत उडवतात. आपण म्हणतो, उधळी आहेत. पण ज्याला खिसा सोडून तिजोरी नाही, त्याचे पैसे झोपेत कोणीतरी मोठा मुलगा काढून घेणारच. त्यापेक्षा खाल्लेले बरे, हा हिशेब चुकीचा नाही. भूक आणि भीती मारायला सोल्यूशनचा बोळा मिळतो. म्हणून अशा आसऱ्यांत उपदेश नंतर येतो. आधी आंघोळ, जेवण, निर्धास्त झोप आणि वस्तू ठेवायला स्वतःची जागा. आणि मग घरचा पत्ता. कारण मुलाला शक्य तेथे त्याच्या कुटुंबात परत नेणे हाच कायद्याचाही पहिला हेतू आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय.

हे मी मुद्दाम सांगतो. अनाथाश्रम काढणे म्हणजे मुलांची सेवा, अशी आपली एक समजूत आहे. घराचा वाढदिवस आला की आश्रमात केक नेतो, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढतो आणि मोबाइलवर पाठवतो. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हात पसरून उभे असलेले आपले चित्र कोणाला आवडेल? घरापासून तुटल्यावर मूल सांभाळणे फार अवघड. तुटण्याआधी त्याला रोज दोन तास कोणीतरी नावाने हाक मारणे तुलनेने सोपे आहे, आणि ते एका धर्मग्रामाला झेपणारे आहे.

तुटण्याचे वय बहुधा चौदा असते, आणि त्याला कारण आहे. शिक्षणहक्क कायद्याने मोफत व सक्तीचे शिक्षण मिळते ते सहा ते चौदा वर्षांपर्यंत. बालमजुरीवरची संपूर्ण बंदीही चौदापर्यंतच. त्यानंतर अठरापर्यंत फक्त धोक्याच्या कामांना मनाई. म्हणजे ज्या वयात मिसरूड फुटते आणि बाप-लेकाचे पटेनासे होते, नेमक्या त्याच वयात दोन्ही आधार एकदम सुटतात. नववीत नापास झालेल्या मुलाला शाळाही फार अडवत नाही. हे आपल्याला माहीत असेल तर काही करता येते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. आयटीआयमध्ये जाता येते. पण त्यासाठी मुलाबरोबर फॉर्म भरायला, तारीख लक्षात ठेवायला आणि नापास झाल्यावर शिव्या न देता पुन्हा बसवायला एक मोठे माणूस लागते.

फादर बॉस्को हेच करीत. केवळ रविवारी प्रार्थना शिकवून ते थांबले नाहीत. मुले कामाला जात तिथे जाऊन ते मालकाला भेटत. १८५१-५२ पासून त्यांनी मालकांशी लेखी करार केले. एका सुतारकाम शिकणाऱ्या मुलाचा १८५२ च्या फेब्रुवारीतला करार आजही जपून ठेवलेला आहे. मालकाने धंदा नीट शिकवावा, चुकल्यास शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणावारी मुलाला मोकळे सोडावे, कामात प्रगती होईल तशी मजुरी वाढवावी. त्या काळात उमेदवार मुलगा म्हणजे फुकटचा नोकर होता. आज आपल्यातले कित्येक जण गॅरेजवाले, केटरर, डेकोरेटर, सुतार आहेत. तुमच्याकडे कामाला असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाशी तुमचा करार काय आहे? तो रात्री दोन वाजता लग्नाच्या हॉलमधली भांडी घासून कसा घरी जातो, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

अमेरिकेतही असेच एक काम उभे राहिले. लॉस एंजेलिसमधल्या एका गरीब धर्मग्रामात येशूसंघीय फादर ग्रेगरी बॉइल यांनी १९८८ साली टोळ्यांतल्या मुलांसाठी सुरुवात केली. १९९२ मध्ये बेकरी काढली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतली मुले तिथे एकाच टेबलावर पीठ मळू लागली. आपल्याकडे सुदैवाने तशा टोळ्या नाहीत, पण दोन आळ्यांच्या मुलांचे क्रिकेटवरून किंवा सणातल्या बँडवरून काय होते, ते आपण जाणतो.

एक अवघड गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. जगातल्या अनेक देशांत ख्रिस्तसभेच्या छत्राखालीच मुलांवर अत्याचार झाले, आणि ते झाकण्यात आले. धर्मगुरूंनी ते केले. त्या जात्याच्या तळीचे शब्द प्रथम आम्हाला लागू आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला तो याच वेदनेतून. म्हणून हॉलमध्ये काही नियम राहतील आणि ते मलाही लागू असतील. कोणताही मोठा माणूस एकटा मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही. प्रत्येक संध्याकाळी किमान दोन मोठी माणसे, त्यात एक बाई. कोणी मुलाला मारणार नाही. मुलाने काही सांगितले तर ते दाबले जाणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हाच २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग अत्याचार करणारा नातेवाईक असो, शिक्षक असो की धर्मगुरू. घराण्याची अब्रू, चर्चची अब्रू ही कारणे चालणार नाहीत. या नियमांमुळे माझ्यावर अविश्वास दाखवला असे वाटेल का, असे एका आजीने मला विचारले. आजी, अजिबात नाही. मार्गारेटमाईने स्वयंपाकघराला कुलूप लावले होते, ते आठवा.

प्रत्येकाने पाठ करावा असा एक क्रमांक आहे, १०९८. संकटातल्या मुलांसाठी २४ तास चालणारी ही मोफत दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाने आपल्याकडे घेतली आहे. स्टेशनवर, बाजारात, चर्चच्या आवारात एकटे, भेदरलेले मूल दिसले तर ते घरी घेऊन जाऊ नका, पैसे देऊन वाटेला लावू नका. हा क्रमांक फिरवा आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. अशा मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्याच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय ती समिती घेते, तुम्ही-आम्ही नाही.

आणि आपल्या विधवा भगिनींसाठी एक माहिती. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना घरीच वाढवता यावे यासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. दरमहा मदत मिळते. आपल्या धर्मग्रामात या योजनेला पात्र ठरतील अशी घरे नक्की आहेत, पण दाखले गोळा करता करता माणूस थकतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दर शनिवारी ऑफिसात बसून कागद भरायला मदत करतील. जिच्याकडे मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाइड आणि आधार कार्ड आहे तिने ते घेऊन यावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही यावे, ते मिळवण्यापासून सुरुवात करू.

कौन्सिलची सभा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावे आणि पायऱ्यांवर बोललेले तिथे बोलावे. प्रस्ताव मंजूर झाला तर उपवासकाळ सुरू होण्याआधी हॉल उघडावा असे माझे मत आहे. गणित आणि इंग्रजी शिकवू शकतील अशा दोघा-तिघांची गरज आहे, निवृत्त शिक्षक असतील तर उत्तम. शिकवता येत नसेल तर नुसते दारात बसून येणाऱ्याचे नाव विचारणारे माणूसही हवे. कॅरम बोर्ड दोन मिळाले आहेत, सोंगट्या एकाच्याच आहेत. महिला मंडळाने रोज चणे आणि केळी द्यायचे कबूल केले आहे, त्यांचे आभार. हॉलच्या मागच्या बाजूचे दोन दिवे बंद आहेत आणि न्हाणीघराच्या दाराची कडी मोडली आहे. मुली येणार आहेत, तेव्हा ती आधी बसवली पाहिजे. आपल्यातला कोणी सुतार या आठवड्यात येऊन पाहून जाईल का?

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू